गुढीला गेलेला हार

मला सध्या सव्वीस भाषांमध्ये आभार मानता येतात. मार्चच्या सुरुवातीला पंचवीस होत्या. सव्विसावी लडाखी, आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या फौजी काकांनी शिकवलेली, आणि ती तर भलतीच सोयीची निघाली. 'जुले' म्हटलं की नमस्कार होतो, आभारही होतात आणि निघतानाचा निरोपही होतो. मी दोन दिवस सगळ्यांना जुले जुले करत फिरले. भाजीवाल्या सत्यवतीबाईंनाही केलं. त्या गोंड आहेत. त्यांनी हात जोडून "सेवा जोहार, बिटिया" म्हटलं आणि पिशवीत चार मिरच्या जास्तीच्या टाकल्या. जोहार माझ्या वहीत आधीपासून होताच, आठव्या पानावर.

ही वही म्हणजे माझा जीव की प्राण. तिच्या आधीची मी कोणाला आठवतही नसेन. नववीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा असायचा, 'शांत व आज्ञाधारक'. शांत म्हणजे किती, तर हजेरीला 'येस मॅम' म्हणतानाही माझा घसा सुकायचा. मग डिसेंबरात गॅदरिंगच्या दिवशी निवेदन करणारी मुलगी कावीळ होऊन घरी बसली, आणि विभावरी मॅडमनी समोर दिसले म्हणून मलाच मंचावर ढकललं. हातात कागद नाही, डोक्यात काही नाही. मग आमच्या गल्लीत रोज सकाळी जे ऐकू येतं ते मी म्हणून टाकलं. आम्ही नर्मदेकाठच्या शहरात, कांचघर भागात राहतो. इथं जवळजवळ प्रत्येक घरातला एक माणूस फॅक्टरीत नाहीतर रेल्वेत, म्हणून गल्लीत अर्धा देश भरलेला. घोषाल काकूंचा नोमोश्कार, नायर आंटींचं नमस्कारम्, सरदारजींचं सत श्री अकाल, इस्त्रीवाल्या चाचांचा आदाब, वरच्या भाडेकरूंचं वणक्कम. सहावा नमस्कार झाला आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. मग मी थांबलेच नाही. त्याच रात्री ही वही सुरू केली आणि तेव्हापासून अजून थांबलेली नाही. आई म्हणते, आधीचीच प्रणोती बरी होती.

आणि अशा माझ्या घरात आता चक्क हवाई येणार होती.

माझा सख्खा भाऊ आल्हाद दादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा आहे. तो पाच वर्षांपासून हवाई बेटांवर हिलो नावाच्या गावात असतो. तिथल्या डोंगरावर मोठाल्या दुर्बिणी आहेत, त्यातल्या एकीवर तो काम करतो. दीड वर्षापूर्वी त्यानं तिथंच लग्न केलं, नोएलानी वहिनीशी. ती अस्सल तिथली, हवाईयन. लहान मुलांच्या शाळेत शिकवते, आणि ती शाळा पूर्ण हवाईयन भाषेत चालते. तिच्या आजीला लहानपणी शाळेत हीच भाषा बोलली म्हणून उभं करायचे, हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी त्या रात्री वहीतलं पहिलं पान फाडून पुन्हा लिहिलं आणि सगळ्यात वर हवाईयन घातली. अलोहा म्हणजे नमस्कार. महालो म्हणजे आभार. महालो नुई लोआ म्हणजे खूप खूप आभार. ए कोमो माई म्हणजे या, आत या.

पण एक गोष्ट अडलेली होती, आणि ती होती अण्णा.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. फॅक्टरीत अवजारं घडवतात त्या टूलरूममधून निवृत्त झाले, त्याला आता वीस वर्षं होतील. दादाला त्यांनीच वाढवला म्हणा ना. त्याच्या दहावीपर्यंत बाबांच्या बदल्या चालू होत्या, म्हणून तो इथं अण्णांजवळ राहिला. गणित अण्णांचं, सायकल अण्णांची, रविवारी नर्मदेवर पोहायला शिकवलं तेही अण्णांनीच. आणि त्या दादानं लग्न करून दोन दिवसांनी फोन केला. अण्णांनी ऐकून घेतलं, "कळवलंस, बरं केलंस" म्हणाले आणि फोन बाबांच्या हातात दिला. त्यानंतर दादाशी एक शब्द नाही. व्हिडिओ कॉल लागला की ते उठून तुळशीला पाणी घालायला जायचे. दीड वर्षात आमच्या तुळशीला एवढं पाणी मिळालं की ती दोनदा कुजली.

आता दादा आणि वहिनी पहिल्यांदा येणार होते. बुधवारी यायचं, सोमवारी परत. मधे शुक्रवारी गुढीपाडवा. दादानं मला फोनवर हळूच विचारलं होतं, "प्रणू, अण्णा बोलतील ना गं?" आणि मी, सव्वीस भाषांची मालकीण, छाती ठोकून म्हटलं, बोलतील. ते माझ्यावर सोड.

बुधवारी मी पहाटे उठून दारात रांगोळीनं 'ए कोमो माई' लिहिलं. दूधवाल्या भैयानं विचारलं, ये कौन सी माई हैं, आज इनकी पूजा है क्या. वहिनी टॅक्सीतून उतरली, उंच, दणकट, कमरेपर्यंत केस, आणि रांगोळी वाचून घेतल्यावर तिनं मला जी मिठी मारली तिच्यात माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. दादा अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायचाच असतो, पण तोंड उघडलं नाही. वहिनीही वाकली. तिच्याही डोक्यावर हात. मग ते आईकडे वळून म्हणाले, "चहात साखर किती लागते, विचार त्यांना."

दोन दिवस हे असंच चाललं. अण्णा वाईट काही वागत नव्हते. वहिनीसाठी खुर्ची पंख्याखाली सरकवायचे, पोहे तिखट झाले तर आईकडे बघायचे. पण सगळं आईच्या नाहीतर माझ्या मार्फत. दादा समोर बसलेला असला की मधे जणू काचच आहे.

दुसरीकडे वहिनी प्रत्येक गोष्टीला महालो म्हणायची. पाण्याचा पेला दिला, महालो. टॉवेल दिला, महालो. पोळी वाढली, महालो. दुसरी पोळी, पुन्हा महालो. आईनं मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "काहून इतकं म्हणून राहिली ती? घरच्या घरात कसले आभार? परकं वाटतंय का तिला?" मी समजावलं की तिच्याकडे न म्हणणं म्हणजे उद्धटपणा. आईला ते पटलं नाही, पण तिनं संध्याकाळपर्यंत एकदा वहिनीला उलट महालो म्हणून पाहिलं आणि लाजून लाल झाली. अण्णांपुढे मात्र माझी डाळ शिजायची नाही. मी जानेवारीत एकदा त्यांना पेन्सिलीला टोक करून दिल्याबद्दल धन्यवाद म्हटलं होतं, तर ते चष्म्यावरून बघून म्हणाले होते, "मी काय दुकानदार आहे?"

गुरुवारी संध्याकाळी वहिनीला नायर आंटींच्या अंगणातला चाफा दिसला. आपला साधा पांढरा चाफा, मधे पिवळा. ती अक्षरशः धावली. तिच्याकडे म्हणे घरोघरी हाच असतो आणि ह्याचेच हार करतात, लेई म्हणतात त्याला. कोणी आलं, कोणी निघालं, कोणी पास झालं, कोणाचं मन दुखावलं, सगळ्याला लेई. मग ती माझ्याजवळ येऊन हळूच इंग्रजीत म्हणाली, "उद्या तुमचं नवं वर्ष ना? मी अण्णांसाठी लेई करू का? त्यांच्या गळ्यात घातला तर चालेल?"

आता इथं मी काय करायला हवं होतं? आईला विचारायला हवं होतं. बाबांना विचारायला हवं होतं. मी काय केलं? मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, धावेल. आमच्याकडे तर सत्काराला हारच घालतात. आणि कोणाला काही सांगू नकोस, सरप्राइज ठेवू. माझ्या डोळ्यांसमोर सगळा देखावा तयार होता. हार गळ्यात, अण्णांचे डोळे भरलेले, दादा धावत येतोय. मला झोपच आली नाही.

शुक्रवारी सकाळी वहिनीनं गच्चीवर बसून हार ओवला. तिनं तिकडून खास सुई आणली होती, वीतभर लांब, पोलादी. एकेक फूल उचलायची, नाकाशी धरून डोळे मिटायची, मग सुईत घालायची. आई कपडे वाळत घालायला वर आली, तिनं ते पाहिलं आणि माझा दंड धरून कुजबुजली, "अगं, वास घेऊन राहिली ती फुलांचा. पूजेची नाहीत ना ती?" आमच्याकडे वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. ह्या एका गोष्टीवर अण्णा फार कडक आहेत. लहानपणी मी मोगरा नाकाला लावला म्हणून त्यांनी अख्खी परडी झाडाखाली ओतायला लावली होती. मी आईला म्हटलं, छे, पूजेची नाहीत, तू खाली जा.

खाली व्हरांड्यात अण्णांनी गुढी उभी केली होती. वेळूच्या काठीला आईचा जरीचा खण, कडुनिंबाचा डहाळा, नागपूरहून मागवलेल्या साखरगाठी, वर उपडा तांब्या. दरवर्षी हार सगळ्यात शेवटी घालतात, आणि तो बाबा बाजारातून आणतात. बाबा अजून आले नव्हते. अण्णा सोवळ्यात, हात जोडून वाट बघत उभे.

आणि वहिनी आली. आईची हिरवी साडी नेसलेली, दोन्ही हातांवर तो पांढराशुभ्र हार. दादा आणि आई दारात उभे, मी मागून मोबाईल धरलेला, रेकॉर्डिंग चालू. तिनं हार उंचावला, अण्णांच्या अगदी जवळ गेली आणि गाल पुढे केला, कारण लेई घालताना गालाला ओठ टेकवायचे असतात. हे मला माहीत होतं. हे मी अण्णांना सांगायचं विसरले होते.

अण्णा दोन पावलं मागे सरकले. मागे पाण्याची बादली होती, ती कलंडली. त्यांनी घाईघाईनं हात पुढे केले, वहिनीच्या हातातून हार घेतला, कपाळाला लावला, वळले आणि गुढीला घातला. मग हात जोडून मान लववली. हार काठीवर इतका सुंदर दिसत होता की काय सांगू.

वहिनीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ती हसत होती, पण ते हसू तसंच अडकून राहिलं. ती "महालो" म्हणाली, अगदी हळू, आणि आत निघून गेली. तिच्याकडे कोणी दिलेला लेई नाकारत नाहीत. देणाऱ्यासमोर गळ्यातून काढतसुद्धा नाहीत. आणि इथं तो गळ्यापर्यंतही पोचला नव्हता.

आत खोलीत ती पलंगाच्या कडेला बसून बोटांवरचा चाफ्याचा चीक पुसत होती. रडत नव्हती, तेच जास्त वाईट. दादा खिडकीशी उभा राहून मोबाईलवर विमानं बघत होता. उद्या सकाळचं एक मिळतंय म्हणाला. आई काहीतरी बोलायला गेली तर तो म्हणाला, "आई, दीड वर्ष मी ऐकलं. माझ्याशी नाही बोलायचं, नका बोलू, यार. पण तिच्या हातचा हारही नको त्यांना? आणि सगळ्यांसमोर असा काढून घेतला." आई म्हणाली, अरे, देवाला घातला त्यांनी. दादा म्हणाला, "गळ्यात नको होता म्हणून घातला."

तिनं मला विचारलं होतं. चालेल का, असं स्पष्ट विचारलं होतं.

आधीची प्रणोती असती तर बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली असती. मीही गेले, खरं सांगते, कडीला हातही घातला. मग परत फिरले आणि व्हरांड्यात गेले. अण्णा कडुनिंब आणि गुळाची गोळी चघळत खुर्चीवर बसले होते.

"अण्णा, तो हार तुमच्यासाठी होता," मी म्हटलं.

"माझ्यासाठी?" त्यांनी गुढीकडे पाहिलं. "काहून? माझा फोटो लागला का भिंतीवर?"

मी सगळं सांगितलं. लेई म्हणजे काय, तो कोणाला घालतात, गाल का पुढे केला, आणि हे सगळं मला आधीपासून माहीत होतं हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग विचारलं, तिकडे कोणी तो हार घेतला नाही तर काय समजतात?

मी विचार केला. "वाढलेलं ताट ढकलून उठल्यासारखं."

अण्णांचं चघळणं थांबलं. त्यांनी तोंडातली गोळी गिळली. मग म्हणाले, "सव्वीस भाषा शिकलीस ना तू? मला मराठीत एक वाक्य सांगता नाही आलं सकाळी?"

मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, दादा उद्याच निघून राहिला आहे. तुम्ही मुद्दाम केलं असं वाटतंय त्याला. आणि अण्णा, खरं तर ती फुलं गुढीला चालणारीही नव्हती. तिनं त्यांचा वास घेतला होता, एकेका फुलाचा.

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले. "मी गच्चीच्या जिन्यात होतो. एकेक फूल नाकाला लावून ओवत होती."

मी बघतच राहिले. परडीभर मोगरा ओतून देणारे अण्णा. "मग तरी घातला?"

"मग काय? वर्षाचा पहिला दिवस. घरच्या सुनेनं पहाटे उठून केलेला हार." ते गुढीकडे बघत बोलत होते. "देव घेईल समजून. गुढीवरच्यापेक्षा वरची जागा आहे का ह्या घरात? मला वाटलं, तिला आनंद होईल."

सुनेनं. ते सुनेनं म्हणाले. मी पुढचं ऐकलंच नाही. मी जी पळाले ती उंबरठ्याला ठेचकाळत थेट खोलीत, आणि वहिनीसमोर उभी राहून इंग्रजी, हिंदी, मराठी जे येईल त्यात बडबडत सुटले. पहिल्यांदा तर तिला काही कळलंच नाही. मग दादानं मला खांदे धरून बसवलं आणि म्हणाला, हळू. मी पुन्हा सांगितलं. वास घेतलेलं फूल आमच्या घरात देवाजवळ कधीच जात नाही, चाळीस वर्षांत गेलेलं नाही, अण्णांनी पाहिलं होतं आणि तरी घातलं. ही तुझ्यासाठी मोडलेली पहिली रीत आहे, वहिनी. त्यांनी तुला नाकारलं नाही, त्यांनी तुला सगळ्यात वर ठेवलं.

वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटतं ती मला नाही, मागे सरकलेल्या अण्णांना पुन्हा बघत होती. तिनं दादाला विचारलं, हे खरं आहे का. दादा पलंगावर बसला. म्हणाला, "मी आठ वर्षांचा होतो तेव्हा शेवंतीचा वास घेतला म्हणून मला अंगठे धरून उभं केलं होतं." आणि त्यानं मोबाईल खाली ठेवला.

तेवढ्यात आई दारात आली. अण्णा कुठं आहेत? व्हरांड्यात नाहीत. चपलाही नाहीत.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी गल्लीत धावले. फौजी काकांकडे नाहीत, इस्त्रीवाल्या चाचांकडे नाहीत. मग नायर आंटींच्या कुंपणावरून पाहिलं तर अण्णा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बंडी आणि सोवळ्यात, आंटींच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे राहून चाफ्याची फांदी वाकवत होते. आंटी खाली परडी धरून मल्याळममध्ये देवाचा धावा करत होत्या. मी जाऊन खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. अण्णा वरून म्हणाले, "ती वरची काढू का? खालची जरा कोमेजलीत." चाफ्याचा चीक त्यांच्या बंडीवर ठिपक्याठिपक्यांनी उतरत होता. मी म्हटलं, वरची काढा, अण्णा. सगळी काढा.

घरी आल्यावर ते सरळ खोलीच्या दारात उभे राहिले. परडी वहिनीसमोर जमिनीवर ठेवली आणि स्वतःही भिंतीला टेकून खाली बसले. मग मला म्हणाले, "सांग तिला. सकाळचा देवाचा झाला. हा माझा."

मी सांगितलं. माझा आवाज मंचावर कधी कापला नव्हता, तो तिथं कापला. वहिनी लगेच उतरून त्यांच्यासमोर मांडी घालून बसली, पिशवीतून सुई काढली आणि पहिलं फूल उचललं. ते तिनं सवयीनं नाकाजवळ नेलं, मग आठवण होऊन थांबली आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली. "घे, घे. माझं काय जातंय?"

ती हसली. मला ते हसू सकाळपासून हवं होतं.

दहा-बारा फुलं झाल्यावर अण्णांनी हात पुढे केला. फूल नको होतं त्यांना, सुई हवी होती. त्यांनी ती उजेडात धरली, बोटांत फिरवली, टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस. पोलाद चांगलं आहे म्हणाले. कोणी केली, असं विचारलं. वहिनीनं सांगितलं की तिच्या वडिलांनी, सायकलच्या चाकाच्या तारेपासून. अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला न विचारता स्वतःच इंग्रजीत 'व्हेरी गुड मॅन' असं सांगितलं. मग सुई पुन्हा उजेडात धरली. टोक बोथट झालं होतं, फुलाचा देठ चिरत होता.

आणि त्यांनी मान वळवली. दादा इतका वेळ दाराला टेकून उभा होता, श्वासही न घेता.

"आल्हाद," अण्णा म्हणाले, "माझी पेटी आण. धार लावायचा दगड वरच्या कप्प्यात आहे."

दीड वर्षानंतरचं पहिलं वाक्य. दादा हो म्हणालाच नाही, तो आधीच पळाला होता. माळ्यावरून काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला, आणि तो पेटी छातीशी धरून परत आला, केसांत कोळ्याची जाळी. अण्णांनी दगडावर तेलाचा थेंब टाकला आणि सुईचं टोक घासायला लागले. घासता घासता, वर न बघता, त्यांनी विचारलं की दुर्बिणीचा आरसा घासतात तोही असाच का. दादा म्हणाला, साधारण असाच, पण महिने लागतात. अण्णा म्हणाले, लागणारच. मग ते दोघं आरशाबद्दल बोलत सुटले, कोन, पॉलिश, कापडाची जात. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि मला इतका आनंद झाला होता की मी उगीच दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारून आले. आईला पदराला नाक पुसायचं होतं, म्हणून तिनं मला दोन्हीवेळा ढकलून दिलं.

हार व्हायला दोन तास लागले. मधे बाबा बाजारातून आणलेला झेंडूचा हार घेऊन आले, खोलीतला देखावा पाहिला आणि काही न विचारता तिथंच खाली बसले. अण्णा प्रत्येक फुलागणिक एकेक शब्द विचारत होते. सकाळी काय म्हणता? अलोहा काकाहियाका. अण्णा म्हणाले, "म्हणजे काकाही खूश." फुलाला काय म्हणता? पुआ. आणि कोणी महालो म्हटलं, तर समोरच्यानं काय म्हणायचं? वहिनीनं सांगितलं, अओले पिलिकिया, म्हणजे त्रास कसला त्यात. अण्णांनी ते चारदा घोकलं. चौथ्यांदा माझ्यापेक्षा स्वच्छ आलं त्यांना. माझा जरा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

मग वहिनी उठून उभी राहिली. अण्णाही उठले, बंडी खाली ओढली आणि राष्ट्रगीताला उभं राहतात तसे ताठ उभे राहिले. तिनं हार त्यांच्या गळ्यात घातला, खांद्यावर सारखा केला, मग गाल पुढे केला. अण्णा हलले नाहीत. तिनं ओठ टेकवले तेव्हा त्यांचे कान आधी लाल झाले, मग मान. आईनं तोंडावर पदर धरला.

"महालो, अण्णा," वहिनी म्हणाली.

"अओले पिलिकिया," अण्णांनी उत्तर दिलं. मग जरा थांबून दादाकडे वळून म्हणाले, "सोमवारी किती वाजता विमान आहे?" दादा म्हणाला, दुपारी दोनला. "मग रविवारी भेडाघाटला जाऊ. सकाळी लवकर. हिला नावेत बसवायचं आहे मला."

जेवताना त्यांनी हार काढला नाही. दुपारी पडले तेव्हाही नाही, खुर्चीतच बसल्या बसल्या झोपले, हार चेंगरू नये म्हणून मान उंच ठेवून. संध्याकाळी सूर्य मावळताना गुढी उतरवायला ते व्हरांड्यात आले तर फाटकाबाहेरून नायर अंकल चालले होते, फॅक्टरीतले त्यांचे जुने सोबती. आमच्या इथं माणसाच्या गळ्यात असा हार एकाच दिवशी पडतो, नोकरीच्या शेवटच्या दिवशी. अंकल थबकले, चष्मा वर केला.

"क्या बात है, अण्णाजी, दोबारा रिटायर हो गए क्या?"

अण्णांनी हारावरून हात फिरवला.

"नहीं जी," ते म्हणाले. "बहू आई है।"